आतली हवा

१

माझं काम हवा मोजण्याचं. लग्नाच्या बैठकीत हे सांगितलं की समोरची मंडळी एकमेकांकडे बघायला लागतात, म्हणून आई "केमिस्ट्रीत एमएस्सी आहे" एवढ्यावरच थांबते. पण खरं तेच आहे. सेलूला रेल्वे रुळांच्या पलीकडे धान्याची खाजगी गोदामं आहेत, त्यांतल्या एकात मी चार वर्षं नोकरी करतोय. परभणीहून सकाळच्या गाडीनं यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. पोत्यांतल्या धान्याला भुंगा लागला की आम्ही थप्प्यांच्या मधे गोळ्या ठेवतो, दारं-खिडक्या लावून सगळ्या फटी बुजवतो आणि सात दिवस आत पाऊल टाकत नाही. गोळ्यांतून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. त्यानं किडा मरतो. आत माणूस असेल तर तोही मरतो, आणि त्याला किड्याइतका वेळ लागत नाही.

या सात दिवसांत आत पुरेसा वायू आहे का, हे बघत राहावं लागतं, आणि शेवटी तो पुरता गेला का हेही. पूर्वी त्यासाठी कोणीतरी तोंडाला मास्क बांधून, देवाचं नाव घेऊन आत शिरायचं. आता आमच्याकडे यंत्र आहे. ते निवेदितानं बनवून दिलं. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, सध्या परभणीत इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवते. यंत्राला चार चाकं, पुढं एक दिवा आणि कॅमेरा, पाठीवर पेटी. पेटी हवा ओढते आणि फॉस्फिन किती, कार्बन डायऑक्साइड किती, दमटपणा किती, ते आकडे माझ्या केबिनमधल्या लॅपटॉपवर उमटतात. केबिन गोदामापासून साठ पावलांवर आहे. तिथं बसून, पोरांच्या व्हिडिओ गेमला असतो तसला खटका हातात धरून मी यंत्र आत फिरवतो. हमाल त्याला कासव म्हणतात. मी ते फिरवायला लागलो की "साहेबांचा खेळ चालू झाला" असं मला नीट ऐकू येईल इतक्या हळू आवाजात बोलतात.

दार बंद करण्याआधी आत कोणी राहिलं नाही याची खात्री करून रजिस्टरवर सही मी करतो. खात्री करायची पद्धत मात्र आमच्या बजरंग मुकादमांची. धान्याला चप्पल लागू द्यायची नाही हा त्यांचा कडक नियम, त्यामुळे हमाल पायरीखाली चपला काढूनच आत जातात. काम आटोपलं की मुकादम पायरीकडे बघतात. डोकी मोजण्यात अर्थ नाही, कारण डोकी पाणी प्यायला जातात, तंबाखू मळायला आडोशाला जातात. चपला जागच्या हलत नाहीत. पायरीखाली एकही जोड उरला नाही म्हणजे आत एकही माणूस नाही. मला ही पद्धत इतकी पटली होती की मी ती निवेदितालाही कौतुकानं सांगितली होती.

यंदा नवरात्रात, दुसऱ्या माळेला, आम्ही हरभऱ्याचं गोदाम बंद केलं. सकाळी पायरीखाली तेरा जोड होते. दुपारी पायरी मोकळी झाली. मी "आत कोणी नाही" असं लिहून सही केली आणि चहा प्यायला गेलो.

२

पहिले दोन दिवस सगळं शहाण्यासारखं चाललं. फॉस्फिन सहाशेवर टिकून होतं. कार्बन डायऑक्साइडचं असं असतं की किडा जिवंत असेपर्यंत श्वास सोडतो, त्यामुळे तो थोडा चढतो. किडा मेला की चढायचा थांबतो. आमचा आकडा सहाशे चाळीसला येऊन थांबला होता. किडा संपला, असा त्याचा अर्थ.

चौथ्या माळेला दुपारी जेवण करून मी कासव शेवटच्या थप्पीमागे नेऊन उभं केलं आणि डबा धुवायला गेलो. परत आलो तर कार्बन डायऑक्साइड अकराशेवर होता. दमटपणाही वाढलेला.

ओलं पोतं असणार, मी म्हटलं. ओलं धान्यही श्वास सोडतं, त्यात नवल काही नाही. खात्री करायला कासव तिथून हलवून मधल्या वाटेवर आणलं. आकडा उतरत उतरत सहाशे चाळीसवर आला. मी स्वतःवर खूश होऊन वहीत "शेवटची थप्पी, ओल" असं लिहिलं. लिहून वर बघतो तर आकडा सहाशे नव्वद. मग साडेसातशे. सहा मिनिटांत मधल्या वाटेवरही अकराशे झाला.

मधल्या वाटेवर पोती नाहीत. दोन्ही बाजूंना चार-चार हात मोकळी फरशी आहे.

मी निवेदिताला फोन लावला.

"सेन्सर बिघडला असेल का गं?"

"बिघडला असता तर जागा बदलल्यावर आकडा खाली कशाला आला असता?"

"तेच तर विचारतोय."

"नच्या, माणूस जवळ आला की हे असंच होतं," ती सहज म्हणाली. पलीकडे पोरांचा गोंधळ ऐकू येत होता. "दोन्ही आकडे एकदम चढतात. लॅबमध्ये पोरं वाकून बघायला लागली की मला न बघता कळतं."

"आत सहाशे फॉस्फिन आहे."

"मग माणूस नाही. मांजर नाही, उंदीरसुद्धा नाही. मी दुसरं यंत्र पाठवते. दोन्ही ताडून बघ. आणि तोवर डोक्याला फार ताप देऊ नकोस."

३

डोक्याला ताप देऊ नकोस असं मला सांगणं म्हणजे आगीत तेल. पाचव्या माळेला मी सकाळपासून तेच करत बसलो. गोदामात पाच जागा ठरवल्या. प्रत्येक जागी कासव थांबवायचं, घड्याळ लावायचं आणि आकडा चढायला किती वेळ लागतो ते लिहायचं.

पहिल्या जागी सहा मिनिटं लागली. दुसऱ्या जागी पाच. तिसऱ्या जागी, जी मुद्दाम अगदी दुसऱ्या टोकाला निवडली होती, तीन. चौथ्या जागी मी कासव नेऊन थांबवलं तोवर आकडा चढलेलाच होता.

पाचव्या जागी मी गेलोच नाही. कासव दाराजवळच्या चार्जिंगच्या जागी आणून उभं केलं आणि खटका टेबलावर ठेवला. आकडा खाली आला, मग सावकाश चढला आणि चढून राहिला. तास झाला, दोन तास झाले. तो काही कमी होईना.

मला भीती वाटली, हे कबूल करतो. पण केवळ भीती नव्हती ती. एकट्यानं बंद खोलीत असताना कोणीतरी येऊन काही न बोलता शेजारी बसावं आणि आपण मान वळवून बघू नये, तसं काहीतरी वाटत होतं. मी तर त्या खोलीत नव्हतोही. मी साठ पावलांवर, उन्हानं तापलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसलो होतो. शेजारी बसलेलं जे काही होतं ते कासवाच्या शेजारी होतं. कॅमेऱ्यात मोकळी फरशी, पोत्यांची कड आणि दिव्याच्या उजेडात तरंगणारी धूळ, एवढंच दिसत होतं.

मी रसायनशास्त्र शिकलोय. हवेला डोळ्यांपेक्षा जास्त कळतं यावर माझं पोट चालतं. बाकी सगळ्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवावा आणि मी आकड्यावर, असाच आजवरचा करार होता. आता आकडा जे सांगत होता ते ऐकायची माझी तयारी नव्हती, आणि याची मला लाज वाटली.

मुकादम चहा घेऊन आले. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय साहेब, कासवानं खाल्लं न्हाई का आज?"

"मुकादम, त्या दिवशी सगळे बाहेर आले होते ना?"

"आता हे काय इचारनं झालं? तुमच्या म्होरंच पायरी बघितली की. एक चप्पल न्हवती." त्यांना राग आला होता, आणि त्यांच्या जागी मलाही आला असता.

४

सहाव्या माळेला अकराच्या सुमाराला बायनाबाई आल्या. दत्तराव नावाचे आमच्याकडे एक जुने हमाल आहेत, त्यांच्या या बायको. कधी नव्हे ते फाटकाच्या आत आल्या आणि केबिनच्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, साक्षीचे बाबा कुठं दुसऱ्या कामावर धाडलेत का तुमी?"

मी मुकादमांकडे बघितलं. ते म्हणाले, "दत्तराव? त्यो तर माहूरला जायलोय म्हनत होता देवीला. म्हनून मी बी फिकर केली न्हाई."

"मला बी तसंच वाटलं," बायनाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या माळंला कामाला आले, ते कामावरूनच गेले आसतील म्हनलं. मोबाईल घरीच राह्यला. पर काल आमचे भाऊबंद माहूरहून आले. त्येंच्या नजरंला कुठं पडले न्हाईत. म्हनून जीव लागंना माजा."

"दुसऱ्या माळेला इथं आले होते, हे नक्की?"

"आल्ता की," मुकादम म्हणाले. "म्या सवता त्येच्या पाठीवर पोतं दिलंय."

मी रजिस्टर काढलं. तेरा जोड, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मुकादम बोटांवर एकेकाचं नाव घ्यायला लागले. तेरा नावं झाली. त्यांत दत्तरावांचं नव्हतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतली. पुन्हा तेरा झाली, आणि दत्तराव चौदावे उरले.

"मग त्यांची चप्पल?" मी विचारलं.

"त्येंच्या पायात चप्पल कुटली?" बायनाबाई म्हणाल्या. "नवरात्रात अनवानी असतेत ते. साक्षीच्या बाळतपनाचा नवस हाय."

मुकादम होते तिथंच खाली बसले.

पुढची दहा मिनिटं मला आयुष्यभर पुरतील. सहाशे फॉस्फिनमध्ये माणूस तासभरही निघत नाही, हे मला पाठ होतं. चार दिवस झाले होते. म्हणजे दत्तराव आत असतील तर ते पहिल्याच दुपारी, मी चहा पीत असताना गेले. माझी सही होती खाली. आणि त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी काहीतरी शिकलेलं बोलेन आणि त्यांचा नवरा कुठंतरी सुखरूप निघेल, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

मी खटका उचलला आणि कासव मागच्या थप्पीकडे वळवलं. घाईत ते दोनदा पोत्यांना धडकलं. थप्पीमागे कोणी नव्हतं. एका पोत्याला पाठ टेकल्यासारखा खोलगट भाग होता, तेवढंच. मी दिवा खाली केला. फरशीवर हरभऱ्याची बारीक पिवळी धूळ पसरलेली होती आणि तिच्यात अनवाणी पावलं उमटलेली होती. यात काय, असं मी मनाशी म्हटलं. हमाल अनवाणीच आत जातात, दिवसभर जातात. पावलं असणारच.

मग माझ्या लक्षात आलं. धुळीत कासवाच्या चाकांचे दोन पट्टे होते, मी चौथ्या माळेला त्याला तिथं नेलं तेव्हाचे. दार बंद झाल्यावर दोन दिवसांनी उमटलेले. आणि पावलं त्या पट्ट्यांवर होती. टाच चाकाच्या खुणेवर पडली होती आणि खूण तिथं पुसली गेली होती. पुढचं पाऊल, त्याच्या पुढचं पाऊल, सगळी पट्ट्याला धरून, कासवामागून चाललेली.

मी लॅपटॉप मिटला. भिंतीवरचा मास्क काढला, त्याचा वायू गाळायचा डबा फिरवून बसवला आणि मुकादमांना म्हणालो, "पंखे लावा. मी आत चाललो."

"साहेब," मुकादम म्हणाले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते फाटकाकडे बघत होते.

फाटकातून दत्तराव येत होते. कपाळाला कुंकू, खांद्यावर पंचा, पाय धुळीनं भरलेले.

५

बायनाबाईंनी आधी त्यांना रस्त्यातच झोडपायचं तेवढं बाकी ठेवलं आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. मुकादमांनी त्यांना मिठीच मारली. मी खुर्चीत बसून राहिलो. मला इतकं हलकं वाटत होतं की हसू येत होतं. माझ्या हातून माणूस मेला नव्हता. बाकी काहीही असो, हे एवढं पुरे होतं.

"कुठं होतात दत्तराव?"

"माहूरला गेल्तो की."

"इथून कधी निघालात?"

त्यांनी विचार केला. "काम उरकत आलतं. मागच्या थप्पीमागं गार वाटलं म्हनून जरा टेकलो. डोळा लागला. मंग..." ते थांबले. "मंग रस्त्यावरच होतो. चालायलोय. कवा उटलो ध्यानात न्हाई बगा."

"दर्शन झालं?"

"झालं ना. लय गर्दी. पर साहेब, औंदा काय की, मला धुपाचा वासच आला न्हाई. समद्यांना यायला होता." हे त्यांनी हसत सांगितलं, जणू देवीनं केलेली चेष्टाच.

मी दार उघडलं नाही. आता कोणी हरवलेलं नव्हतं. पावलांचं काय, हा प्रश्न मी बाजूला सारला. कोन चुकला असेल, उजेड चुकला असेल. माणूस समोर असताना धुळीचं काय घेऊन बसायचं?

दुसऱ्या दिवशी, सातव्या माळेला, परभणीच्या एसटीनं निवेदितानं पाठवलेलं दुसरं यंत्र आलं. मी ते केबिनबाहेर कडुनिंबाखाली टेबलावर मांडलं आणि लॅपटॉपला जोडलं. आता पडद्यावर दोन रकाने होते, डावीकडे आतलं कासव, उजवीकडे हे नवं. नव्याचा आकडा मोकळ्या हवेत असतो तसा चारशे वीस होता.

यंत्र चालतंय का बघायची साधी रीत आहे, त्यावर फुंकर मारायची. मी मारली. उजवा आकडा दोन हजारांवर गेला आणि हळूहळू उतरला. मुकादमांना मजा वाटली, त्यांनीही मारली. बावीसशे. "आमचं इंजिन अजून दमदार हाय," असं म्हणून ते दत्तरावांना म्हणाले, "ये रे, तुजं बी बगू."

दत्तराव वाकले, गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली.

उजवा आकडा चारशे वीसच राहिला.

डावा आकडा, दार बंद असलेल्या गोदामातला, अकराशेवरून एकदम सव्वीसशेवर गेला.

"नीट मार की," मुकादम म्हणाले. दत्तरावांनी पुन्हा मारली. उजवीकडे चारशे वीस. डावीकडे उतरायला लागलेला आकडा पुन्हा वर उसळला. मुकादम यंत्राकडे बघत होते, पडद्याकडे फक्त मी बघत होतो.

रकाने उलटे झाले असतील, मी मनात म्हटलं. मी पुन्हा स्वतः फुंकर मारली. उजवा चढला, डावा हलला नाही. नव्या यंत्राची वायर काढली, पुन्हा लावली, नावं तपासली. सगळं जागच्या जागी होतं.

"बिघडलंय वाटतं साहेब तुमचं," दत्तराव म्हणाले. त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. पंचवीस वर्षं तंबाखू खाणारा माणूस तो. मला कसलाच वास आला नाही.

"हो," मी म्हणालो. "बिघडलंय."

निवेदिताला मी काहीच कळवलं नाही. तिनं दोनदा फोन केला, मी उचलला नाही.

६

नवव्या माळेला गोदाम उघडायचं होतं. हरभरा न्यायला दुपारी ट्रक येणार होते. मॅनेजरांचा सकाळीच फोन झाला होता. पद्धत अशी की आधी वरचे दोन मोठे पंखे बाहेरून चालू करून आतली हवा काढायची, वायू पुरता गेला की मग दार उघडायचं. पंख्यांचा खटका केबिनच्या भिंतीवर आहे. आठ वाजता मी तो दाबला. दुसरं काय करणार होतो? मॅनेजरांना काय सांगणार होतो, की आतल्या हवेत काहीतरी आहे?

कासव दाराच्या आतल्या बाजूला उभं होतं. फॉस्फिन उतरायला लागलं आणि त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही. अकराशे, हजार, नऊशे.

दत्तराव कडुनिंबाखाली बसून इतर हमालांना माहूरची गोष्ट सांगत होते. बायनाबाई त्यांच्यासाठी उपासाची भगर घेऊन आल्या होत्या. डबा उघडून बाजूला ठेवलेला होता. पायऱ्या किती, गर्दी कशी, बाया कशा रांगेत, असं चाललं होतं. आठशे झाला तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला. सातशेला ते एक वाक्य अर्धवट सोडून दुसरं बोलायला लागले आणि तेही सोडलं. हमालांना वाटलं, आठवतायत. सहाशेला त्यांनी झाडाच्या बुंध्याला पाठ टेकली. त्यांना धाप लागली नव्हती. धाप लागायला श्वास लागतो. त्यांचा रंग तेवढा उतरत होता, ओठांपासून सुरुवात होऊन.

साडेपाचशे. पाचशे. मी पडद्याकडे बघत होतो आणि त्यांच्याकडे बघत होतो. शाळेत शिक्षक असलेले माझे वडील म्हणायचे की योगायोग दोनदा झाला तरी योगायोगच असतो. मी तिसऱ्यांदाची वाट बघायचं ठरवलं होतं. चारशे ऐंशीला दत्तरावांची मान एका बाजूला कलली.

मी पंखे बंद केले.

गोदामाची घरघर थांबली. जरा वेळानं दत्तरावांनी डोळे उघडले आणि कोणाला तरी म्हणाले, "पानी दे रे."

"कामून बंद केलं साहेब?" मुकादम धावत आले.

"वायू आहे अजून. आज उघडता येणार नाही. पंख्यांची तोंडं पुन्हा बुजवा."

"ट्रक यायलेत की."

"येऊ द्या. परत जातील."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं, पण चपलांच्या त्या प्रकरणानंतर त्यांना माझ्याशी वाद घालायचा नव्हता. ते शिडी आणायला गेले. मी रजिस्टर उघडलं. आणखी तासभर पंखे चालले असते तर वायू पुरता गेला असता, हे मला समोर दिसत होतं. मी लिहिलं, "वायूचं प्रमाण धोकादायक. गोदाम पुढील तपासणीपर्यंत बंद." चार वर्षांत मी त्या वहीत जाणूनबुजून खोटं कधीच लिहिलं नव्हतं. सही मात्र नेहमीसारखीच आली.

वर बघितलं तर बायनाबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी मागे वळून, नवरा पाणी पितोय हे बघून घेतलं आणि आत आल्या.

"साहेब, एक सांगू का? तीस वर्सं मला घोरण्यापायी झोप न्हाई. आल्यापून तीन रात्री झाल्या, घोरले न्हाईत. म्या छातीवर हात ठिवून बघितला. कुनाला बोलले न्हाई मी. साक्षीला बी न्हाई. तिचे दिवस भरत आलेत."

मी रजिस्टर मिटलं.

"पंखा लावला तवा ते तसे झाले. बंद केला तवा उटले. म्या बघितलं." आवाज अगदी साधा होता, गिरणीत दळण कधी मिळेल असं विचारावं तसा. "किती दिस बंद ठिवता येतंय?"

खोटं बोलायची माझी शक्ती रजिस्टरमध्ये संपली होती. "माहीत नाही बाई," मी म्हणालो. "मालक विचारीपर्यंत. आठ दिवस. फार तर पंधरा."

त्यांनी मान हलवली. मनात काहीतरी मोजलं असावं, बहुतेक साक्षीचे दिवस. मग त्या वळून गोदामाकडे गेल्या. मुकादम शिडीवर होते, त्यांनी हाक मारली, पण त्या थांबल्या नाहीत. पायरीखाली चपला काढल्या, वर चढल्या आणि बंद दाराला पाठ लावून बसल्या. दत्तराव झाडाखाली भगरीचा डबा मांडीवर घेऊन, तिला हात न लावता, रस्त्याकडे बघत होते.

मी पडद्याकडे बघितलं. कासव दाराच्या आत, त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर उभं होतं. आकडा चारशे ऐंशी होता. तो पाचशे झाला, मग साडेपाचशे, आणि हळूहळू चढत राहिला.